बाबांचे ईमेल आणि माझं उबुंटू

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माळ्यावरून खाली आली ती आत्यामुळे. ती टोरांटोला असते. "दादाची पत्रं असतील रे त्यात, बघ जरा," म्हणाली. बाबा तिला लिहायचे विंडोज एक्सपीवरच्या आउटलुक एक्स्प्रेसमधून. माझ्याकडे कित्येक वर्षं फक्त उबुंटू.

डिस्क जोडायला आयडीई-यूएसबी अ‍ॅडॉप्टर मिळाला आणि उबुंटूने ती मुकाट्याने उघडली. शोधाशोध झाली ती पत्रांसाठी. आउटलुक एक्स्प्रेस ती 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतच नसे. 'लोकल सेटिंग्ज' या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात 'आयडेंटिटीज', त्यात आकडे-अक्षरांचं लांबलचक नाव असलेला आणखी एक, आणि असं बरंच खाली गेल्यावर डीबीएक्स फाइली: इनबॉक्सची एक, सेंट आयटम्सची एक. बॅकअप घेताना नेमकी हीच जागा राहून जायची.

उबुंटूवरचा माझा ईमेल प्रोग्राम थंडरबर्ड आपली पत्रं एमबॉक्स या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. डीबीएक्स ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची मांडणी, ती त्याला कळेना. अनडीबीएक्स नावाच्या छोट्याशा मोफत प्रोग्रामने प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल काढून दिली. पुसलेली पत्रंही तो वर काढू शकतो, कारण फाइल 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत पुसलेला मजकूर आतच पडून असतो. ती मात्र मी काढली नाहीत. बाबांनी पुसली ती पुसलीच.

पत्रं उघडली आणि समोर आली नुसती रोमन अक्षरांची खिचडी. बाबा युनिकोडच्या आधीच्या शिवाजी फॉन्टमध्ये लिहायचे. या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्टची फाइल त्याच डिस्कवर सापडली. ती उबुंटूत टाकली, पत्रांना स्वतःचा फॉन्ट वापरू देण्याची थंडरबर्डची सेटिंग सुरू केली, आणि "चि. ताईस अनेक आशीर्वाद" असं स्वच्छ दिसलं. खाली कार्पोरेशनच्या पाण्याची तक्रार, आणि बिरड्याची उसळ करताना वाल किती तास भिजवायचे याचा आत्याला खुलासा.

दिसलं, पण शोधता येईना. 'बिरडं' टाइप केलं तर शून्य निकाल, कारण फाइलीत अजून रोमन अक्षरंच. म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदललं. बदलणाऱ्या प्रोग्रामची खरी परीक्षा वेलांटी आणि रफारात होते. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं बरोब्बर उलटं. 'वर्ष', 'पूर्वी', 'मार्च' हे शब्द मी हाताने तपासले. मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द तर सगळे देवनागरीत जाऊन बसले होते, ते आत्याला विचारून दुरुस्त केले. तिला बरेचसे आठवत होते.

तुमच्या घरी असा जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारात घालण्याआधी त्याची डिस्क काढून घ्या. आणि पत्रांबरोबर फॉन्टचा फोल्डरही कॉपी करा. तो नसेल तर जुन्या फॉन्टातलं मराठी पत्र हाती येऊनही वाचणं अवघड जाईल.