बोर्डावर नाव कुणाचं

भोसरी एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा बोर्डावर गावच्या भैरवनाथाचं नाव टाकलं. फार विचार केला नव्हता. नारळ फोडायचा होता, मशीन सुरू करायचं होतं, नाव हवं होतं. पुढे कळलं, त्याच ब्लॉकमध्ये भैरवनाथाच्या नावाचे आणखी दोन बोर्ड आहेत. कुरिअरवाला कुणाचंही पार्सल कुठंही टाकायचा आणि आम्ही तिघं मालक टपरीवर चहा पिता पिता त्यांची अदलाबदल करायचो. धंदा त्यानं अडला नाही. वेल्डिंग फिक्स्चर आणि चेकिंग गेज ही कामं बोर्ड वाचून कुणी देत नाही. ‘त्या अमक्याला विचार, तो करून देईल,’ असं एक पर्चेसवाला दुसऱ्याला सांगतो, तीच जाहिरात.

2020च्या लॉकडाऊनमध्ये मशीन थंड पडली आणि मी मोबाइल उभा करून फिक्स्चरबद्दल मराठीत बोलायला लागलो. पहिला विषय थ्री-टू-वन. पार्टची मोठी बाजू तीन पिनांवर टेकवायची, लांब कड दोन पिनांना, आखूड कड एका पिनेला. मग क्लॅम्प दाबला की पार्ट दर वेळी त्याच जागी बसतो. सहा पिनांची गोष्ट, पण आयटीआयच्या पोरांना ती असं हातात पार्ट घेऊन कुणी सांगितली नव्हती. लातूर, इचलकरंजी, सिन्नरहून फोन यायला लागले. ‘सर’ म्हणवून घ्यायची सवय नव्हती. ती फार लवकर लागली, हेही खरं.

वर्ष-दोन वर्षांत चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं ओळखलं. नाणेकरवाडी, खालुंब्रे, निघोजे या पट्ट्यातून इन्क्वायरी येऊ लागल्या, पण त्या भैरवनाथाला नाही, मला. ‘लाइनवर ट्रायलला तुम्ही स्वतः येणार ना?’ हा पहिला प्रश्न. रेट नंतर.

इथून सल्ले सुरू झाले. बाणेरचा एक तरुण आला, स्वच्छ शर्ट, हातात टॅब. म्हणाला, “सर, लोक कंपनीला फॉलो करत नाहीत, माणसाला करतात. तुमचं नाव, तुमचा चेहरा पुढे आणा. वर्कशॉप मागे राहू दे.” चिंचवडचे आमचे सीए नेमकं उलटं म्हणाले. त्यांनी माझा जीएसटी नंबर कागदावर लिहिला आणि सहाव्या जागेवर पेन टेकवला. पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हा करदाता कोण: व्यक्ती असेल तर पी, भागीदारी फर्म असेल तर एफ, कंपनी असेल तर सी. माझं अर्थातच पी. “प्रोप्रायटरशिपमध्ये तुम्ही आणि धंदा एकच,” ते म्हणाले. “ब्रँड वगैरे नंतर बघा. आधी कायद्यानं दोघांना वेगळं करा.”

तिसरा सल्ला घरातून. वडील टेल्कोच्या टूलरूममधून रिटायर झालेले. टाटा मोटर्स हे नाव 2003 साली आलं, त्यांच्या तोंडात ते अजून बसलेलं नाही. त्यांना बोर्डावर आडनाव हवं होतं. “किर्लोस्करांनी लाजत लाजत धंदा केला का? नांगरावर आडनाव, गावाला आडनाव.” 1910ची किर्लोस्करवाडी त्यांच्या लेखी तीर्थक्षेत्र आहे.

मी मात्र आकुर्डीवरून जाता येता विचार करायचो. बजाज हे तर देशातलं सगळ्यात घरोघरी पोचलेलं आडनाव. राहुल बजाज स्वतः आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारात राहायचे. पण त्याच कंपनीच्या चाकणच्या प्लँटमधून केटीएम आणि ट्रायम्फच्या गाड्याही निघतात, आणि त्यांच्या टाकीवर बजाज हे नाव नसतं. शेजारच्या फिरोदियांनी तर गाडीवर स्वतःचं आडनाव घातलंच नाही. बजाज टेम्पो होती, 2005 साली ती फोर्स मोटर्स झाली. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन्ही रीती नांदल्या. मोठ्यांची उदाहरणं घेऊन काही ठरत नाही. ती दोन्ही बाजूंना सापडतात.

ठरलं ते एका ऑडिटमध्ये. चाकणच्या एका टियर-वन कंपनीला आमच्याकडून जास्त काम द्यायचं होतं, म्हणून त्यांची क्वालिटीची मॅडम गाळा बघायला आली. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक कामगाराच्या नावापुढे, प्रत्येक कामासाठी एक वर्तुळ, चार भाग केलेलं. नुसतं शिकतोय तर एक भाग काळा, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण काळं. तिनं तो तक्ता बराच वेळ पाहिला. डिझाइन, सेटिंग, ट्रायल, कस्टमरशी बोलणं, सगळी पूर्ण काळी वर्तुळं एकाच ओळीत, माझ्या. तिला माझे व्हिडिओ माहीत होते, तिनं कौतुकही केलं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं की पुरवठा एका व्यक्तीवर अवलंबून आहे.

बाणेरचा तरुण ज्याला ताकद म्हणत होता तीच तिच्या रिपोर्टात जोखीम झाली होती. तरुण चुकीचा नव्हता. मी एकटा असतो, शिकवत फिरणारा, तर त्याचंच ऐकलं असतं. पण माझ्यामागे गाळ्यातली पोरं होती आणि त्यांचे पगार दर महिन्याला निघायचे होते.

प्रायव्हेट लिमिटेड केली. दोन डायरेक्टर लागतात: मी आणि बायको, जी हिशेब आधीपासून बघतच होती. नवा पॅन, नवा जीएसटी नंबर, आणि सगळ्यात जिवावर येणारं काम म्हणजे प्रत्येक कस्टमरकडे नवा व्हेंडर कोड. जुन्या कोडवरची बिलं आणि नव्या कोडवरच्या पीओ यांच्यामध्ये काही महिने पैसे लटकले. नाव ना देवाचं घेतलं, ना आडनावाचं. इथे सांगत नाही, जाहिरात होईल. खंडेनवमीला मशीनच्या पूजेबरोबर नव्या बोर्डाची पूजा झाली. वडिलांनी हार घातला, पण बोलले काही नाहीत.

व्हिडिओ कंपनीच्या नावानं सुरू केले आणि कॅमेऱ्यासमोर पोरांना उभं केलं. बघणारे घटले. लोकांना मीच हवा होतो, त्याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. पण आमचा सुपरवायझर, जुन्नरकडचा पोरगा, कॅमेऱ्यासमोर माझ्याहून बरा निघाला. क्लॅम्पिंगवर बोलतो तेव्हा हात थांबत नाहीत त्याचे. चाकणला ट्रायलला आता तोच जातो, मॅट्रिक्समध्ये त्याची दोन वर्तुळं पूर्ण काळी झाली.

आणि मग व्हायचं तेच झालं. त्याला फोन यायला लागले. महाळुंग्याच्या एकानं पगाराचा जो आकडा सांगितला तो मला परवडणारा नाही. पोरगा सरळ आहे, माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, लोक मला नावानं ओळखायला लागलेत.” त्याला मी काय बोलणार? पगार थोडा वाढवला, पण त्यानं भागणार नाही हे दोघांनाही कळतंय. सीएंना विचारलंय की कंपनीतले थोडे शेअर त्याच्या नावावर करायचे तर काय काय लागेल. बायकोचं म्हणणं आहे, आधी दोन वर्षं थांबण्याची अट घाला. माझं म्हणणं, अट घालून थांबलेला माणूस कॅमेऱ्यासमोर तसा बोलत नाही. येत्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिघं बसणार आहोत.