निसर्गाच्या नावाने

माझी आई पहाटेच खुरपणीला जात असे आणि दिवस कलल्यावर परतत असे. मधला सारा वेळ आम्हा तीन भावंडांना आजीने सांभाळले. ती आम्हाला न्हाऊ घाली, दुधात भाकरी कुस्करून भरवी, ताप चढला की रात्रभर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवी. तेव्हा तिची साठी उलटली होती. आजीने हे सारे का करावे, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

तो प्रश्न विज्ञानाला पडला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी, नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करताना कळले. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्यांची प्रजननक्षमता जवळजवळ आयुष्यभर टिकते. मानवी स्त्रीची मात्र पन्नाशीच्या सुमारास संपते, आणि त्यानंतरही ती कित्येक वर्षे जगते. उत्क्रांतीच्या दृष्टीने या वर्षांचे प्रयोजन काय? मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी टांझानियातील हाडझा लोकांचा अभ्यास केला. शिकार, मध आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या या लोकांमध्ये वृद्ध स्त्रिया कठीण जमिनीतून कंद उकरण्यासाठी तासन्‌तास राबताना त्यांना आढळल्या. आईच्या कुशीत नवे मूल आले की आधीच्या मुलाचे पोषण आजीच्या कष्टांवर अवलंबून राही. यातून १९९८ मध्ये मांडला गेलेला विचार ‘आजी-गृहीतक’ म्हणून ओळखला जातो. ज्या आज्यांनी नातवंडे जगवली, त्यांचा वारसा टिकला आणि त्याबरोबर त्यांचे दीर्घायुष्यही पुढच्या पिढ्यांत उतरले, असा त्याचा आशय आहे.

मायेचा हा जमाखर्च वाचून प्रथम मन खट्टू झाले. मग वाटले, नदीचा उगम सापडला म्हणून तिचे पाणी काही आटत नाही. आजीच्या हातची भाकरी होती तेवढीच गोड राहिली.

खरी अडचण पुढे होती. आजीला अर्धांगवायू झाला आणि ती चार वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे अंग पुसणे, लुगडे बदलणे, घास भरवणे हे सारे आईने केले. वडील औषधे आणून देत. मी उंबऱ्यातून विचारपूस करी. चुलते म्हणत, “बायकांना हे निसर्गतःच जमतं.” ते वाक्य मला सोयीचे होते. मी ते मुकाट्याने मान्य केले.

डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेला आप्तनिवडीचा सिद्धान्त वाचला, तेव्हा त्या वाक्यातील खोट उघडी पडली. रक्ताचे नाते जितके जवळचे, तितकी त्यागाची प्रवृत्ती उत्क्रांतीत टिकून राहण्याची शक्यता अधिक, असे तो सांगतो. त्या मापाने आजीशी वडिलांचे नाते आठ आण्यांचे, माझे चार आण्यांचे. आईचे एका पैचेही नाही. ज्यांचे रक्त होते ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि परक्या घरातून आलेली ती आत राबली. आजीने नातवंडे सांभाळली, त्याची ही परतफेड होती असेही कुणी म्हणेल. एकदा मी आईलाच विचारले. ती एवढेच म्हणाली, “दुसरं कोण होतं?”

या उत्तरात माया होती आणि नाइलाजही होता. त्या नाइलाजाला आम्ही निसर्गाचे नाव दिले होते.

निसर्गात तर काय काय घडते! सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७०च्या दशकात राजस्थानातील अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, आणि त्यामुळे माद्या लवकर पुन्हा गर्भधारणेस तयार होतात, असा अर्थ त्यांनी लावला. हेही नैसर्गिकच, परंतु तो आपला आदर्श होऊ शकत नाही. एखादी गोष्ट कशी घडत आली हे सांगणे वेगळे, आणि ती तशीच घडावी असे म्हणणे वेगळे. याच हर्डी यांनी ‘मदर्स अँड अदर्स’ या २००९ मधील ग्रंथात मानवी मूल एकट्या आईच्या बळावर वाढले नाही, असे प्रतिपादन केले. आजी, मावशी, थोरली भावंडे, वडील अशा अनेकांच्या हातांवर ते वाढले. विज्ञानाने सांभाळण्याचे काम एकट्या बाईच्या पदरात टाकलेले नाही. ते आम्ही टाकले.

आता आई थकली आहे. रात्री तिला उठवून न्हाणीघरापर्यंत न्यावे लागते. पहिल्या दिवशी माझा हात चुकीच्या जागी पडला आणि ती कळवळली. “राहू दे, तुला नाही जमायचं,” ती म्हणाली. आधार कुठे द्यायचा, पाऊल केव्हा उचलू द्यायचे, हे मी हळूहळू शिकलो. हल्ली ती तसे म्हणत नाही. अंधारात नुसता हात पुढे करते.