“आई, गाडीत पाकाचा वास येतोय”

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता लायसन्सच्या वयाला आली आहेत. आपण त्यांना पॅरलल पार्किंग शिकवतो, इन्शुरन्सचा हप्ता बघून उसासा टाकतो आणि एखादी दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेऊन देतो. त्याच वेळी गाडीचे वास ओळखायलाही शिकवा, म्हणून ही पोस्ट.

मी पेशाने सीए. ऑडिटमध्ये गडबड एकदम सापडत नाही, आधी एखादा आकडा खटकतो. गाडीचंही तसंच असतं. कितीतरी वेळा डॅशबोर्डवरचा दिवा लागायच्या आधी नाकाला कळतं. आणि आपल्या मुलांकडे वासांचे शब्द आहेत! करपट, कुबट, उग्र हे सगळं ती आपल्या स्वयंपाकघरात शिकलीत.

गेल्या जानेवारीत लेकीचा कॉलेजहून येताना रेस्ट एरियातून फोन आला. “आई, हीटर लावला की गाडीत पाकाचा वास येतोय, आणि पुढची काच सारखी धुरकट होतेय.” कूलंट हा शब्द तिला सुचला नाही, गुलाबजामचा पाक आठवला. तेवढं पुरे होतं. म्हटलं, पुढे जाऊ नकोस, इंजिन बंद कर, गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नकोस, टो ट्रक बोलाव. हीटर कोअर गळत होता. कूलंट संपत गेलं तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जाते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. शिवाय कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असतं. गॅरेजमध्ये सांडलं तर लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांच्या आधी तुम्ही पुसा.

बाकीचे वास असे:

सडक्या अंड्याचा: बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडलाय, नाहीतर बॅटरी जास्त चार्ज होतेय. लवकर दाखवा.

जळक्या तेलाचा: इंजिन ऑइल गळून गरम एक्झॉस्टवर पडतंय. डिपस्टिकने पातळी बघा.

जळक्या रबराचा: बेल्ट घसरतोय, किंवा एखादी नळी गरम भागाला टेकलीय.

करपट, नाकाला झोंबणारा, घाटासारखा उतार उतरल्यावर: ब्रेक तापलेत. थांबून थंड होऊ द्या, पुढच्या उतारावर खालचा गिअर वापरा. सपाट रस्त्यावरही येत असेल तर पार्किंग ब्रेक ओढलेला राहिलाय का बघा. नसेल तर ब्रेक अडकला असू शकतो.

कुबट, ओल्या मोज्यांसारखा, एसी लावल्यावर: बुरशी. केबिन फिल्टर बदला. घाबरायचं कारण नाही.

पेट्रोलचा, म्हणजे इथल्या भाषेत गॅसचा: टाकीचं झाकण नीट लावलंय का बघा. तरी वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका.

प्लास्टिक जळाल्याचा: वायरिंग. हिवाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढून लांब उभं करा. धूर दिसला तर ९११. सामान घ्यायला परत आत जायचं नाही, लॅपटॉप असला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. म्हणून गाडीत धुराचा, एक्झॉस्टचा वास आला तर “खिडकी उघडली की जातो” म्हणून चालवत राहू नका. त्या धुराबरोबर हा वायूही आत येत असतो. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं, झोप आल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर लगेच मोकळ्या हवेत जा आणि मदत मागवा. बर्फ पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी मागचा एक्झॉस्ट पाइप मोकळा करा. गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून गरम करू नका, दार उघडं असलं तरी. आणि घरात अलार्म आहे ना, बॅटरी चालू आहे ना, हे आजच बघा.

या शनिवारी मुलांना घेऊन बॉनेट उघडा. कूलंट कुठे, ऑइल कुठे, ते दाखवा. आणि एवढं सांगून ठेवा: वेगळा वास आला तर थांबून फोन कर, वासाला नाव कुठल्याही भाषेत दे, रात्रीचे दोन वाजले असले तरी आम्ही उचलू.