आधी तक्रार करायला शिकवा

प्रिय प्रभाताई,


सायबर जागरूकतेच्या तासाला मुलांना नेमकं काय सांगावं, असं तुम्ही विचारलंत. यूजीसीने २०२२ च्या ऑक्टोबरात यासाठी अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा विषयाची वानवा नाही. पण वर्गात तो बहुधा 'हे उघडू नका, ते कुणाला सांगू नका' एवढ्यावरच येऊन थांबतो. माझं मत जरा उलटं आहे. फसल्यावर पहिल्या तासात काय करायचं, ते आधी शिकवा.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने, १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना खोटे ईमेल पाठवून पाहिले. लिंक दाबणाऱ्याला तिथल्या तिथे धडा देण्याची रूढ पद्धत आहे ना, तिने माणसं सावध झाली नाहीत. उलट जास्तच फसू लागली. कामी आलं ते संशयास्पद मेल कळवण्याचं साधं बटण. लोक न कंटाळता कळवत राहिले आणि नवा हल्ला लवकर उघडकीस आला. ते पगारदार नोकर, आपली मुलं विद्यार्थी, हा फरक मला मान्य आहे. पण आपल्याकडची व्यवस्थाही किती लवकर कळवलं यावरच उभी आहे. २०२१ पासून चालू असलेल्या यंत्रणेत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसा ज्या बँकेत पोचला असेल तिथे तो रोखण्याची धडपड सुरू होते. तो काढून घेतला गेला की मग सगळंच अवघड. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही हेच दिसतं : ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

आता शिष्यवृत्तीच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलीला 'आधार जोडणी अपूर्ण' असा मेसेज येतो, सोबत एक एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल. ती दाबते, खातं रिकामं होतं. 'हे उघडू नका'ची यादी पाठ असूनही तिने का दाबलं, असं आपण विचारतो. ती मात्र घरचे मोबाइल काढून घेतील, कदाचित कॉलेजही बंद करतील, या धास्तीने दोन दिवस गप्प राहते. चोराला हवे असतात ते हेच दोन दिवस. म्हणून वर्गात फसलेल्याला हसू देऊ नका, आणि 'शिकूनसवरून कसं फसलास?' हे वाक्य निदान शिक्षकांच्या तोंडी तरी नको.

यावर कोणी म्हणेल, अशाने मुलं बेफिकीर होतील. मला तसं वाटत नाही. पैसे गमावण्याची हौस कुणालाच नसते. तक्रार करून पैसे परत येतातच कुठे, हा आक्षेप जास्त खरा आहे. नेहमी येत नाहीत. पण का येत नाहीत, ते पाहिलं की आपल्याच वर्गातला दुसरा धोका दिसतो. चोरीचा पैसा भाड्याच्या खात्यांतून झरझर पुढे सरकतो, आणि थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड नि सिम दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांत विद्यार्थीही सापडतात. आपण काही चोरलं नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. पोलीस मात्र आधी खातेदाराच्याच दारात येतात. या मुद्द्याला अख्खा एक तास द्या. पासवर्ड किती अक्षरी असावा, हे दहा मिनिटांत उरकेल.

भित्तिचित्रांची स्पर्धा घ्यायचीच असेल तर घ्या. पण त्याआधी १९३० ची तालीम करून घ्या : बँकेचं नाव, रक्कम, वेळ, आणि यूपीआयचा व्यवहार असेल तर त्याचा बारा अंकी क्रमांक. तो अ‍ॅपमध्ये कुठे दिसतो, हे प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर शोधायला लावा. रेंज नसलेल्या गावातल्या मुलांना बँक शाखेत द्यायच्या अर्जाचा नमुनाही लिहून द्या.

तुमचा,
श्रीकांत