लेबल वाचा, मग फी भरा



गेली तीस वर्षे मी तुम्हांला सांगत आलो, की पिशवीवरचे निळे लेबल वाचल्याशिवाय प्रमाणित बियाणे घेऊ नका. पण घरच्या पोराच्या शिक्षणाची वेळ आली, तेव्हा हे मीच विसरलो. बारावीचा निकाल लागला, की गावोगाव रंगीत पत्रके फिरतात, म्हणून माझी चूक तुमच्यापुढे ठेवतो.

पुतण्या बारावी सायन्स झाला. डॉक्टरकीइतके गुण नव्हते. शहरातल्या एका संस्थेचे पत्रक आले, 'लॅब टेक्निशियन व्हा, नोकरी हमखास.' थोरला भाऊ म्हणाला, "तू शिकलेला, तूच बघ." मी इमारत बघितली, पाटी बघितली आणि होकार दिला. दोन म्हशी विकून फी भरली. पोरगा पास झाला. नोकरीला गेला तिथे पहिलाच प्रश्न आला, "कोर्सला मान्यता कुणाची?" मान्यता कुणाचीच नव्हती! दोन वर्षे गेली, दोन म्हशी गेल्या. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागले.

यात दोष त्या विद्येचा नव्हे. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगता येत नाही, तसेच डॉक्टरचे आहे. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र सांभाळणारा, लकव्याच्या रोग्याला पुन्हा चालता करणारा फिजिओथेरपिस्ट, ही माणसे नसतील तर दवाखाना चालत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने या व्यवसायांसाठी कायदाच केला. साहाय्यक आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण दोन ते चार वर्षांचे आणि किमान २००० तासांचे हवे, असे त्यात म्हटले आहे. 'सहा महिन्यांत तंत्रज्ञ' म्हणणाऱ्या पत्रकापुढे हा आकडा धरून बघा.

फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. एक, मान्यता कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची? ती संस्थेच्या तोंडून नको, त्या विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्या. दोन, हाताने काम शिकायला रुग्णालय कोणते? नुसत्या फळ्यावर शिकून सुई टोचता येत नाही. तीन, मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत? शेजाऱ्याचे शिवार बघून आपण वाण निवडतो. तसे त्यांतल्या चौघांना गाठा आणि पगार विचारा. सुरुवातीचा पगार बहुधा बेताचाच असतो, रात्रपाळीही असते. हे मुलाला आणि मुलीला आधीच सांगा. फीचा आकडा आणि तो पगार शेजारी शेजारी मांडा, मगच कर्जाचे बोला.

पुतण्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मान्यतेचा कागद स्वतः तपासून. आज तो एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या दिवाळीत त्याने वडिलांना एक म्हैस घेऊन दिली.

दुसरी मी देणार आहे.