ॲन आर्बरची सात मिनिटे

डेट्रॉइट शहराच्या पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवर ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव आहे. 2020 च्या शिरगणतीत येथील वस्ती 1,23,851 भरली. आणि मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉलचे क्रीडांगण आहे 1,07,601 माणसांचे! सामन्याच्या दिवशी सारे गाव त्यात सामावून रस्ते ओस पडत असतील असे कोणास वाटेल, परंतु घडते उलटे. चोहोबाजूंनी मोटारींच्या रांगा लागतात आणि गावात पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. 1975 च्या नोव्हेंबरापासून येथे लाखाहून कमी प्रेक्षकांपुढे सामना झाला नाही. अपवाद काय तो 2020 च्या साथीच्या वर्षाचा.

मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने या गावाशी आमचा ऋणानुबंध जडला आणि तेव्हापासून आम्ही मिशिगनचे पक्षपाती आहोत, हे प्रथमच सांगून टाकतो. पुढील विवेचन वाचकांनी त्या बेताने घ्यावे.

हे क्रीडांगण फील्डिंग योस्ट या गृहस्थाने 1927 साली बांधविले. आता पूर्वेस व पश्चिमेस विटांच्या उंच इमारती उभ्या आहेत, तरी मूळ क्रीडांगणाचा बहुतेक भाग जमिनीच्या पोटात आहे. दरवाजातून आत शिरावे तो आपण एकदम सर्वांत वरच्या बाजूस येतो आणि मैदान खोल खाली दिसते. आम्हांस तर प्रथम आपल्याकडील बारवेचीच आठवण झाली. फरक इतकाच की, तळाशी पाण्याऐवजी हिरवे मैदान आणि पायऱ्यापायऱ्यांवर मक्याच्या कणसासारखे पिवळे व गर्द निळे कपडे घातलेली माणसे.

या गावचा खरा वैरी एकच, तो म्हणजे शेजारच्या ओहायो संस्थानाचे विद्यापीठ. या वैराचे मूळ खेळाच्याही मागचे आहे. टोलेडो गावाभोवतालच्या एका पट्ट्यासाठी 1835 साली या दोन प्रांतांची शिबंदी समोरासमोर उभी ठाकली होती. अखेर टोलेडो ओहायोस मिळाले, आणि मिशिगनला उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग देऊन 1837 च्या जानेवारीत पूर्ण संस्थानाचा दर्जा देण्यात आला. त्या भागात पुढे तांबे व लोखंड निघाले, तेव्हा तोटा कोणाचा झाला हा प्रश्नच आहे. तरीही सीमेचा सल जात नाही, हे बेळगावचे नाव ऐकत वाढलेल्या मराठी माणसास समजावून सांगावयास नको. दोन्ही विद्यापीठांचा फुटबॉलचा पहिला सामना 1897 साली झाला.

आम्ही पाहिला तो सामना 25 नोव्हेंबर 2023 रोजीचा. दोन्ही संघ तोवर अकरा सामने खेळून अपराजित होते. त्या दिवशी 1,10,615 प्रेक्षक आले होते आणि थंडी अशी की, हातमोज्यांतही बोटे बधिर व्हावीत. मिशिगनच्या बाजूस मुख्य शिक्षक जिम हार्बॉ उभे नव्हते. प्रतिपक्षाच्या खुणा त्यांच्या आधीच्या सामन्यांस माणसे धाडून टिपून आणविल्याच्या प्रकरणात, संघांच्या मंडळाने त्यांना हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांपुरते दूर ठेवले होते. त्यांच्या जागी शेरोन मूर हे साहाय्यक काम पाहत होते. आपल्याच पक्षावर असा डाग असताना टाळ्या पिटणे सोपे नव्हते. हे आम्हांस घरून निघतानाच जाणवत होते, आणि आजही जाणवते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नाव फुटबॉलचे असले तरी चेंडू बहुधा हातातच असतो. दहा यार्ड पुढे सरकण्यास चार खेपा मिळतात; न साधल्यास चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन. पलीकडची सीमा गाठली की सहा गुण व मागून एका लाथेचा एक. दुरूनच लाथेने चेंडू दांड्यांमधून धाडला तर तीन. आणखी एक गोष्ट मुद्दाम ध्यानी ठेवावी: हवेतून फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते, चेंडू घेऊन धावणारा गडी मैदानातच पाडला गेला तर ते चालूच राहते. आमचे सारे म्हणणे या एका नियमावर उभे आहे.

ओहायोचा चेंडूफेक्या मॅकॉर्ड याने पहिल्याच भागात एक चेंडू चुकीचा टाकला. विल जॉन्सनने तो मध्येच हिरावून थेट सातव्या यार्डापर्यंत नेला, आणि चौथ्या खेपेस, एक यार्ड उरला असताना, ब्लेक कोरम शरीराच्या जोरावर आत घुसला. मध्यंतरास 14-10. त्या मध्यंतराच्या तोंडाशी जे झाले ते मात्र वर्तमानपत्रांनी एका ओळीत संपविले. ओहायोस दोन यार्डांची उणीव होती, खेप चौथी होती; त्यांनी धाडस न करता घड्याळ ओसरू दिले आणि 52 यार्डांवरून लाथ मारली. ती चुकली. असे बलाढ्य खेळाडू जवळ असता दोन यार्डांची भीती का वाटावी, हे आम्हांस अद्याप उमगले नाही.

तिसऱ्या भागात 17-17 अशी बरोबरी झाली. पाठोपाठच्या चढाईत आघाडीच्या रांगेतला झॅक झिंटर हा नायक खाली पडला. पायाची हाडे मोडली होती. एक लाखावर माणसांची ती बारव अशी शांत झाली की, कोणाच्या खोकल्याचाही आवाज यावा. सारा संघ मैदानात उतरून त्याच्याभोवती उभा राहिला. गाडीवरून त्याला नेऊ लागले, तेव्हा प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडू लागले. आणि लगेच दुसऱ्याच खेपेस कोरम 22 यार्ड धावत सुटला तो थेट सीमेपलीकडे! त्याने बोटांनी सहा व पाच असे आकडे दाखविले. 65 हा झिंटरच्या अंगरख्यावरचा आकडा. आम्हीही उड्या मारल्या, हे नाकारीत नाही. परंतु घसा ओला होईपर्यंत मनात आले, क्षणापूर्वी ज्याच्यासाठी जीव कळवळला त्याच्याच जागी हा आनंद कसा उभा राहिला?

आता मूळ मुद्दा. चौथ्या भागात आठ मिनिटे पाच सेकंद उरली असता ओहायोच्या मार्विन हॅरिसनने चेंडू झेलून गुण 27-24 असे आणले. चेंडू मिशिगनकडे आला तो स्वतःच्या 25 यार्डांवर. सर्वांना वाटले, आता मॅकार्थी लांब फेकी करून एका घावात निकाल लावील. त्याने तसे काही केले नाही. धावा, पडा, उठा; पुन्हा धावा. चार यार्ड, तीन यार्ड, मध्येच एखादी आखूड फेक. आमच्या मागच्या रांगेतील तरुण मंडळी चिडून ओरडू लागली. शेजारी एक वृद्ध गृहस्थ कानाशी लहानसा रेडिओ धरून बसले होते. ते आमच्याकडे वळून इतकेच म्हणाले, "मैदानाकडे काय बघता? घड्याळाकडे बघा!"

आम्ही पाहिले. तेरा खेपा झाल्या, 56 यार्ड सरले आणि घड्याळावरची बरोबर सात मिनिटे खर्ची पडली. आपल्याकडील जुन्या गृहिणी महिनाअखेरीस तांदळाचा डबा जसा पुरवून वापरीत, तसा या संघाने काळ वापरला; म्हणजे तो शत्रूच्या वाट्यास येऊ दिला नाही. शेवटी जेम्स टर्नरने 37 यार्डांवरून लाथ साधली. 30-24, आणि उरले एक मिनिट पाच सेकंद.

यात दोष नव्हता असे मात्र नाही. सहा गुणांची आघाडी म्हणजे प्रतिपक्षाने एकदा सीमा गाठून एक लाथ साधली की सामना हातचा गेला! म्हणजे सात मिनिटांची ती काटकसर अखेर कवडीमोल ठरण्याचीही शक्यता होती. ओहायो खरोखरच मिशिगनच्या 37 यार्डांपर्यंत येऊन भिडले. मग जेलन हॅरेल मॅकॉर्डच्या अंगावर धावून गेला, फेक डगमगली, आणि रॉड मूरने ती झेलली. अवघी 25 सेकंद बाकी होती.

सर्व चित्रे त्या झेलाची निघाली. आमच्या मते तो झेल शक्य झाला तो ओहायोजवळ घाई करण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता म्हणून. फेकीच्या आकड्यांत ओहायोच वरचढ होते, त्यांचे 271 यार्ड आणि आमचे 182. पण त्यांनी चेंडू दोनदा गमावला, आम्ही एकदाही नाही. वेळ नसलेल्याच्या हातून चेंडू सुटतो.

मिशिगनने पुढे 8 जानेवारी 2024 रोजी वॉशिंग्टन विद्यापीठाचा 34-13 असा पराभव करून देशाचे अजिंक्यपद मिळविले. खुणांच्या प्रकरणाचा निकाल 2025 च्या ऑगस्टात लागला. विद्यापीठास जबर दंड झाला. विजय मात्र काढून घेण्यात आले नाहीत. दंड झाला हे योग्यच झाले, असे आम्ही घरात बोलून दाखविले तेव्हा जावईबापू दोन दिवस नीट बोलले नाहीत. आमचा असा समज आहे की, त्या सात मिनिटांत कोणाच्या खुणा चोरण्याचे कारणच नव्हते. पुढची खेप धावण्याची आहे हे मैदानावरील प्रत्येकास ठाऊक होते, आणि तरीही ती अडविता आली नाही.

झिंटर बरा झाला. 2024 च्या एप्रिलात व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, त्यांत त्याला क्लीव्हलंडच्या संघाने घेतले. क्लीव्हलंड ओहायोत आहे! आमच्या मुलीच्या घरी ओहायोचे नावसुद्धा उच्चारीत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी, "झॅकला कुठे नोकरी लागली?" असे आम्ही विचारले, तर नात कपात बघत म्हणाली, "आजोबा, दक्षिणेकडे."