कागदोपत्री दोन शेळ्या

माझ्या बहिणीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आमच्या गावातल्या बचत गटाच्या वहीत शेळीपालन म्हणून नोंदलेलं आहे. २०१९च्या जुलैत आईनं गटातून वीस हजार उचलले, दोन शेळ्यांसाठी. त्या शेळ्या आमच्या दारात कधी आल्या नाहीत. उरलेली बहुतेक रक्कम पीककर्जातून निघाली. विकास सोसायटीच्या दप्तरी तिचं खत झालं. गटाच्या अध्यक्षबाईंना हे ठाऊक होतं, सोसायटीच्या सचिवांनाही होतं. सचिवांनी तर पैसे देताना आमच्या वडिलांना, अण्णांना, विचारलं, "पोरीला कुठली ब्रँच मिळाली म्हणायची?"

आम्ही सांगलीच्या वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. नदीकडेला दीड एकर ऊस आणि वर एक एकर माळ. माझं बी.ए. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात झालं. प्राध्यापकांचे पगार सरकार देतं, वर ईबीसी म्हणजे आर्थिक मागासांची सवलत, त्यामुळं फीपेक्षा एसटीचा पासच जास्त लक्षात राहिला. कॉलेजचं शिक्षण एवढ्यातच होतं, अशी घरात समजूत होती. धाकटीला सीईटीत चांगले मार्क पडले, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या राउंडला पुण्याचं एक विनाअनुदानित कॉलेज लागलं आणि फीचा आकडा समोर आला: एक लाख बारा हजार. अण्णांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "बघूया की."

आता आमच्या घरात पैसा येत नव्हता असं नाही. तो फीच्या तारखेला कधी नसायचा. कॉलेजची फी जुलै-ऑगस्टात. उसाचा गळीत हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, तोड मिळते कारखान्याच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे, आणि त्यानंतर बिल. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला रास्त दर, मिळायला हवी. प्रत्यक्षात ती हप्त्यांनी येते, आणि पहिल्या हप्त्यातून सोसायटीची कपात आधी होते. म्हणजे ज्या पिकावर मुलगी शिकणार, त्याचे पैसे हातात पडेपर्यंत तिची पहिली सहामाही उलटून गेलेली असते.

त्या वर्षी तेही फसलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. शेंडा पाण्याखाली गेला की ऊस कुजतो. नदीकडेचा आमचा सगळा फड तसाच गेला. धाकटी नुकतीच पुण्याला पोचली होती. अण्णांनी तिला फोनवर पुराचं सांगितलं, उसाचं सांगितलं नाही.

शिष्यवृत्ती होती की, असं लोक म्हणतात. होती. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचे निम्मे पैसे मिळत. शिक्षण शुल्काचे, हे लक्षात घ्या. एक लाख बारा हजारांतले बारा हजार विकास शुल्क म्हणून होते, ते पूर्ण आमचे. कॉलेजनं सांगितलं, आत्ता सगळी फी भरा, शिष्यवृत्ती तुमच्याच खात्यात येणार आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. आधी कॉलेजचा क्लार्क तपासणार, मग वरचं खातं तपासणार, त्रुटी निघाली की अर्ज परत. मंजूर झाल्यावरसुद्धा मुलीनं पुन्हा पोर्टलवर जाऊन व्हाउचर 'रिडीम' करायचं. पहिल्या वर्षाचे पैसे आले तेव्हा दुसऱ्या वर्षाची फी भरून झाली होती.

राहण्या-जेवण्याची कथा निराळी. अण्णा अल्पभूधारक, त्यामुळं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यातून पुण्यासाठी वर्षाला तीस हजार बसत होते. पण मुलगी वसतिगृहात नसेल तर भाडेकरार जोडायचा. धाकटी कॉट बेसिसवर राहायची, एका खोलीत तिघी. घरमालकीणबाई करार लिहून द्यायला तयार नव्हत्या, आणि भाडं मात्र त्यांना पाच तारखेच्या आत लागायचं. खोली आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास जायचे. दुसऱ्या वर्षी कोरोनानं सगळ्यांना घरी बसवलं आणि हा खर्च वाचला. त्या वर्षाबद्दल चांगलं म्हणावं असं मला एवढंच आठवतं.

शैक्षणिक कर्जासाठी आम्ही प्रवेशाच्या आठवड्यातच बँकेत गेलो होतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरतं. हे मी विद्यालक्ष्मी पोर्टलवर वाचलं होतं. शाखेतल्या साहेबांनी सातबारा मागितला आणि म्हणाले, "बोजा चढवून घेऊ, म्हणजे काम लवकर होईल." अण्णा उठायलाच निघाले होते, पण मी बसून राहिलो. मग पोर्टलवर रीतसर अर्ज केला, वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, आणि बोजा न चढवता कर्ज मंजूर झालं, दिवाळी उलटल्यावर. ते मंजूर होईपर्यंत बचत गटाचं व्याज दर महिना शेकडा दोननं चालूच होतं. बँकेच्या कर्जाला शिकत असेपर्यंत आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो. उत्पन्न मर्यादेत असेल तर त्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. गटाच्या कर्जाला यातलं काही नाही. म्हणजे स्वस्त पैसा उशिरा येतो आणि महाग पैसा त्याच दिवशी हातात पडतो. गरीब घराचं शिक्षण महाग होतं ते इथं.

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना १९८३ साली परवानगी देणारे वसंतदादा पाटीलही सांगलीचेच. दादांनी दारं उघडली नसती तर धाकटीला जागाच मिळाली नसती, हे मी मान्य करतो. पण भाऊरावांनी पोराच्या पोटाची जबाबदारी संस्थेवर घेतली होती. नंतरच्या व्यवस्थेनं ती घरावर टाकली, आणि घरानं ती बाईच्या बचत गटावर.

नातेवाइकांबद्दलही लिहायला हवं. धाकटीच्या फीला हातउसने मागितले तेव्हा एका मामाशिवाय कुणाची मूठ उघडली नाही. "पोरीला एवढं शिकवून काय करणार," हे उघड म्हणणारे दोघेच, बाकीच्यांनी नुसती अडचण सांगितली. हेच लोक तिच्या लग्नाला न सांगता पैसे घेऊन आले असते, आहेर तर वेगळाच. लग्नाची उचल परत येते याची आमच्याकडं सगळ्यांना खात्री असते. शिक्षणाच्या उचलीची ती अजून झालेली नाही.

धाकटी २०२३ साली पदवीधर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली. कर्जाचा सहा हजारांचा हप्ता ती स्वतः भरते. गटाचे पैसे आईनं केव्हाच फेडले.

२०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. चुलत्यांची मुलगी यंदा त्यात बसली. निर्णय चांगलाच आहे. पण खोली, मेस आणि विकास शुल्क तिलाही भरायचं आहे, तेही ऑगस्टातच.

म्हणून ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी बारावी आहे, त्यांना सांगतो. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे महिन्यातच काढून ठेवा, जुलैत सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते आधी बघा. खोली घेण्याआधी भाडेकरार मिळेल का, ते विचारा. आणि चार लाखांच्या आतल्या कर्जाला कुणी सातबारा मागितला, तर ती मागणी लेखी द्या म्हणावं.